ऐकणारी गाठ

बेकरीवाल्याचा कुठल्याच पाकिटावर विश्वास नव्हता. यीस्टच्या पाकिटावर तारीख छापलेली असो, कंपनीने हमी दिलेली असो, तो आधी काचेच्या पेल्यात कोमट पाणी घ्यायचा, त्यात चमचाभर साखर विरघळवायचा, वरून चिमूटभर यीस्ट भुरभुरायचा आणि ओट्याला टेकून पेल्याकडे बघत उभा राहायचा. फेस वर आला की यीस्ट जिवंत, मग ते पिठात. फेस आला नाही की पाकीट केराच्या टोपलीत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. याचं तोंड कधी पोळलं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण हा पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. बायको त्याला शंकासुर म्हणायची, आणि तिच्या तोंडून ऐकून ऐकून गल्लीतली गिऱ्हाइकंही त्याच्यामागे तेच म्हणायला लागली होती.

एकदा मात्र या शंकासुराची चांगली फजिती झाली. साखरेच्या पोत्यांमध्ये आयुष्य गेलेल्या या माणसाला शुगर निघाली, आणि त्याच्या चहासाठी सॅकरिनच्या बारीक पांढऱ्या गोळ्यांची डबी ओट्यावर आली. एका सकाळी हाताशी साखर नव्हती, डबी होती. पाणी गोड झालं म्हणजे झालं, असा हिशेब करून त्याने पेल्यात दोन गोळ्या टाकल्या. फेस येईना. त्याने यीस्टचं पाकीट फेकलं, दुसरं फोडलं, तेही फेकलं आणि कंपनीचा उद्धार केला. बायकोने पेल्यात बोट बुडवून चाटलं आणि हसता हसता तिला ठसका लागला. "अहो, यीस्टला चव नको असते, खायला लागतं. तुमच्याबरोबर त्यालाही डायबिटीस झालाय का?" हे वाक्य तिने पुढे कितीतरी दिवस, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा, पुरवून पुरवून वापरलं.

तिचा स्वभाव अगदी उलटा. गल्ली तिला काकू म्हणायची आणि काकू सगळ्यांवर विश्वास ठेवायची: पीठवाल्यावर, हवामानाच्या बातम्यांवर, 'उद्या येते' म्हणणाऱ्या कामवालीवर. मागे तिच्या स्तनात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी रोज एक गोळी घ्यायला सांगितली, तेव्हा तिने गोळीचं नावही विचारलं नाही. ते काम शंकासुराचं. गोळीची वेळ सकाळची, आणि सकाळी काकूचे हात कोपरापर्यंत पिठात असायचे. ती पावाचे गोळे वळता वळता तोंड उघडायची, हा गोळी तिच्या जिभेवर ठेवायचा आणि पाण्याचा पेला ओठांना लावायचा. गोळी पांढरी की पिवळी, तिने कधी पाहिलं नाही. "तुम्ही बघितलीत ना, मग झालं," म्हणायची. एकाचा कुणावरच विश्वास नाही आणि दुसरीचा त्याच्यावरसुद्धा आहे, असा तो संसार होता, आणि छान चालला होता.

त्या गोळीचं काम त्याला डॉक्टरांनी समजावलं होतं. काकूला होती त्या जातीची गाठ अंगातल्या एका हार्मोनवर पोसली जाते, आणि गोळी तो हार्मोन तयारच होऊ देत नाही. एवढं ऐकलं आणि त्याने त्या हार्मोनशी वैर धरलं. सोयाबीनमध्ये त्याच्यासारखंच काहीतरी असतं असं कुठेसं वाचलं आणि पावात घालायचं सोयाचं पीठ बंद केलं. डॉक्टर म्हणाल्या, त्याची काही गरज नाही. हा म्हणाला, "तरीपण." तेव्हापासून पाव जरा कोरडे व्हायचे आणि गिऱ्हाइकं कुरकुरायची, पण त्याने ऐकलं नाही.

मग काकूचं कंबरेखाली दुखायला लागलं. आधी वाटलं, उभं राहून राहून दुखत असेल. तपासण्या झाल्या आणि कळलं की गाठ परत आली आहे, या वेळी खुब्याच्या हाडात.

डॉक्टरीणबाई त्यांच्या लेकीच्याच वयाच्या, केस मागे घट्ट बांधलेल्या, बोलताना टेबलावरचा कागदाचा तुकडा बोटांनी सपाट करत राहणाऱ्या. त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की आता दोन रस्ते आहेत. हार्मोनवरचंच दुसरं, जास्त कडक औषध द्यायचं, नाहीतर केमो.

"यातलं कुठलं लागू पडेल ते कसं कळणार?" काकूने विचारलं.

"तेच बघायचंय. गाठ अजून हार्मोनचं ऐकते की नाही, यावर ते अवलंबून आहे. कधीकधी परत आलेली गाठ ऐकेनाशी होते. आपल्याकडे एका नव्या तपासणीचा अभ्यास चालू आहे. आधी एक स्कॅन करायचं. सुईतून थोडं किरण देणारं औषध सोडतात, गाठ जिवंत असेल तिथे ते उजळ दिसतं. मग एक दिवस तुम्हाला तोच हार्मोन द्यायचा, तीन छोट्या गोळ्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कॅन."

"तोच म्हणजे?" बेकरीवाला म्हणाला.

"तोच, काका. जो आपण बंद केला होता. एकच दिवस. गाठ ऐकत असेल तर दुसऱ्या फोटोत ती जास्त उजळेल. तशी उजळली तर आपल्यासाठी चांगलं. ऐकणाऱ्याचे कान बंद करता येतात. जी ऐकतच नाही, तिचे कान बंद करून काय मिळणार?"

यापुढे त्या बरंच काही बोलल्या. एका दिवसाने अपाय होत नाही म्हणाल्या, बाकीचे रिपोर्ट काठावरचे आहेत म्हणाल्या. काकू मान डोलवत होती. बेकरीवाल्याचे कान मात्र 'तोच, काका' इथेच बंद झाले होते.

बसमध्ये काकूने त्याला खिडकीकडे सरकवलं आणि म्हणाली, "अहो, हा तुमचा पेलाच आहे की."

"कसला पेला?"

"यीस्टचा. ती साखर खातेय का, एवढंच बघायचंय. खात असेल तर साखर तोडून तिला उपाशी मारता येईल. साखरेवाचूनच जगत असेल तर उपाशी ठेवून काय उपयोग?"

"यीस्ट आपल्याला फुगवायचं असतं," तो म्हणाला. "हे मारायचंय. सापाला दूध पाजायचं आणि वर बघत बसायचं, किती फुगला ते?"

"एक चमचा दूध. साप आहे की दोरी, ते कळायला."

त्यावर त्याला उत्तर सुचलं नाही, म्हणून तो गप्प बसला. काकूला वाटलं, पटलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिची ही एकच चूक पुन्हा पुन्हा व्हायची. त्याचं गप्प बसणं आणि त्याला पटणं यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, हे तिच्या ध्यानात राहायचं नाही.

पहिलं स्कॅन झालं. तळघरातली गार खोली, भिंतींना फिकट निळा रंग, मधोमध मोठ्या कड्यासारखं यंत्र आणि त्यातून आतबाहेर सरकणारी अरुंद फळी. यंत्र चालवणारी मुलगी हसरी होती. तिने काकूला सुई लावली, शाल पांघरवली आणि औषध अंगभर फिरेपर्यंत स्वस्थ पडून राहायला सांगितलं. काकूला स्वस्थ पडून राहायची सवयच नव्हती. ती पडल्या पडल्या शालीखाली हाताने पावाचे गोळे वळत होती, असं मुलीने नंतर हसत सांगितलं. जाताना तिने तीन गोळ्यांची छोटी पुडी पुढे केली. एक आज दुपारी, एक झोपताना, एक उद्या सकाळी, आणि मग परत यायचं. पुडी अर्थातच बेकरीवाल्याने घेतली. काकूने हातसुद्धा पुढे केला नाही.

घरी आल्यावर त्याने गोळ्या तळहातावर घेतल्या. बारीक, पांढऱ्या, मोहरीपेक्षा जराशा मोठ्या. एवढ्याशा दिसणाऱ्या त्या गोळ्यांतल्या हार्मोनशी तो इतकी वर्षं लढत आला होता. सोया सोडलं, गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली, रोज सकाळी न चुकता तिच्या जिभेवर औषध ठेवलं, आणि आता त्याच हाताने हे ठेवायचं? ओट्यावर सॅकरिनची डबी होती. तिच्यातल्या गोळ्याही बारीक, पांढऱ्या. त्याने विचार केला असं म्हणणं म्हणजे विचाराचा अपमान होईल. त्याला भीती वाटली, आणि भीतीचा हात फार चपळ असतो. डॉक्टरांच्या तीन गोळ्या वेलचीच्या रिकाम्या डबीत गेल्या आणि डबी फळीवर मागे ढकलली गेली.

दुपारी काकू टोस्टचे ट्रे लावत होती. तिने सवयीप्रमाणे तोंड उघडलं, त्याने गोळी ठेवली, पेला लावला.

"अहो, गोड आहे ही."

"वरून लावलेलं असतं."

"बरं," म्हणाली आणि ट्रे भट्टीत सरकवला. दुसरी घेतली, तिसरी घेतली. प्रत्येक वेळी तोंड उघडण्याआधी ती क्षणभर थांबायची. त्याने ते पाहिलं, पण त्यावर विचार केला नाही. त्या रात्री तो निवांत झोपला. आपण बायकोला वाचवलं, आणि तेही कुणाला न दुखवता, असं त्याला मनापासून वाटत होतं. गाढव माणूस निवांत झोपतो ते असं.

दुसरं स्कॅन झालं आणि चारेक दिवसांनी दोघं पुन्हा डॉक्टरांसमोर बसले. डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. एकाशेजारी एक असे दोन फोटो होते, दोन्हीत काळसर शरीर आणि खुब्यापाशी एक उजळ ठिपका.

"हा गोळ्यांच्या आधीचा, हा नंतरचा," डॉक्टर म्हणाल्या. "काहीही फरक नाही."

"वा," बेकरीवाला म्हणाला. त्याच्या तोंडावर हसूसुद्धा आलं. गाठ एका कणानेही वाढली नव्हती, आणि ती का वाढली नाही, हे त्या खोलीत फक्त त्याला ठाऊक होतं.

डॉक्टरांनी त्याच्याकडे जरा चमकून पाहिलं. "काका, फरक पडायला हवा होता."

मग त्यांनी पुन्हा, सावकाश, सगळं सांगितलं. या वेळी त्याच्या कानात एकेक शब्द गेला. हार्मोन देऊनही गाठ हलली नाही, म्हणजे ती आता ऐकत नाही. म्हणजे हार्मोनवरच्या औषधाचा भरवसा धरता येत नाही. बाकीचे रिपोर्ट काठावर होते, त्यामुळे आता केमोच बरा. येत्या सोमवारी सुरुवात करू.

"केस जातील?" काकूने विचारलं.

"जातील. पण परत येतील."

"बेकरीत उभं राहता येईल?"

"मधले काही महिने नाही, काकू. थकवा येईल. लोकांच्या गर्दीपासूनही दूर राहावं लागेल."

काकूने मान हलवली. आत्ता बोल, असं बेकरीवाला स्वतःला सांगत होता, आणि नुसता पडद्याकडे बघत होता. जगातल्या प्रत्येक पाकिटावर संशय घेणाऱ्याने एकदाच डोळे मिटून विश्वास ठेवला होता, तोही नेमका स्वतःच्या अकलेवर.

बाहेर दवाखान्याचा लांबलचक व्हरांडा होता. भिंतीला लावलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आपापल्या पाळीची वाट बघणारी माणसं बसली होती. काकू त्यांच्यासमोरून कंबर सांभाळत सावकाश चालली होती. दाराशी आल्यावर तीच त्याला समजवायला लागली.

"जाऊ द्या. निदान कळलं तरी. तुमच्या पेल्यासारखंच झालं बघा. फेस नाही आला."

फेस कसा येईल? पेल्यात साखर पडलीच नव्हती. पुन्हा एकदा त्याने सॅकरिन टाकून यीस्ट मेलं म्हणून ठरवलं होतं, आणि या वेळी केराच्या टोपलीत जाणार होतं ते पाकीट नव्हतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी नोकरीला, सुट्टी काढून येते म्हणाली. काकू तिलाच धीर देत होती. मग फोन ठेवून ती आतल्या खोलीत गेली. तो पाणी घेऊन मागून गेला तर ती आरशासमोर उभी होती. तिने अंबाडा सोडला होता आणि केस दोन्ही मुठींत धरून मागे ओढून बघत होती, नसले तर कसं दिसेल ते. केस फारसे उरलेही नव्हते, जे होते ते अर्धे पांढरे. त्याला दारातच रडू आलं. आपलं या बाईवर किती प्रेम आहे हे त्याला त्या क्षणी इतकं लख्ख कळलं की त्याची त्यालाच लाज वाटली. कारण प्रेमापोटी आपण काय करून ठेवलं होतं, तेही तितकंच लख्ख दिसत होतं. तो पाण्याचा पेला तसाच घेऊन परत फिरला.

दुसऱ्या सकाळी पीठवाल्याकडे जातो असं सांगून तो दवाखान्यात गेला. डॉक्टर येईपर्यंत व्हरांड्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिला. त्या आल्यावर त्याने वेलचीची डबी टेबलावर ठेवली, झाकण उघडलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी डबी जवळ ओढून त्या तीन गोळ्या पाहिल्या. कागदाचा तुकडा सपाट करायचंही विसरल्या. "काका, त्या फोटोवरून मी त्यांना केमो देणार होते."

"म्हणून तर आलो."

"आला नसतात तर?"

तो म्हणाला, "पुन्हा करता येईल का हो? तिला न सांगता? मशीन बिघडलं होतं म्हणा."

"मशीनवर आळ घ्यायचा नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या, पण आवाज चढला नाही. "पुन्हा करायचं तर दोन्ही स्कॅन नव्याने करावी लागतील. मला वरून परवानगी घ्यावी लागेल, ती मिळेल असं वाटतं. सोमवारचं मी पुढे ढकलते. पण सुई त्यांना टोचायची आहे, फळीवर त्यांना झोपायचंय. त्या हो म्हणाल्या तरच. आणि का करायचं, ते तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

बसमधून उतरल्यावर तो उगाचच एक गल्ली जास्त फिरला. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला दुसरा कुणी मिळाला असता तर त्याने दोन गल्ल्या फिरून त्याला शोधलं असतं. पण उंदीरही तोच होता आणि मांजरही तोच.

काकू ओट्यापाशी गोळे वळत होती. स्टूल घेऊन बसून वळत होती, हे नवीन होतं. त्याने दुकानाचं दार आतून लावलं.

"एवढ्यात बंद?" ती म्हणाली.

"त्या गोळ्या मी बदलल्या."

"कुठल्या?"

"हार्मोनच्या. डॉक्टरांनी दिल्या त्या दिल्याच नाहीत तुला. माझ्या चहातल्या दिल्या."

काकूचे हात थांबले. पिठाचा गोळा तिच्या तळव्याखाली हळूहळू पसरत गेला. "तरीच गोड," ती म्हणाली.

तो पुढचं सांगायला लागला. फरक का दिसला नाही, डॉक्टर काय म्हणाल्या, पुन्हा करता येतं. तिने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला विचारलं का नाहीत?"

"भीती वाटली."

"मला वाटत नव्हती? प्रत्येक वेळी भीत भीतच तोंड उघडलं मी. पण मी हो म्हटलं होतं. माझ्या अंगाचं मी ठरवलं होतं, डॉक्टरांशी बोलून, नीट समजून घेऊन. तुम्ही मला अडवलं असतंत, भांडला असतात, तर चाललं असतं. हे नाही चालत."

"चुकलो."

"हो, चुकलात."

ती एवढंच म्हणाली आणि पसरलेला गोळा पुन्हा वळायला घेतला. तिने आरडाओरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं. दिवसभर ती त्याच्याशी कामापुरतं बोलली: ट्रे काढा, दार उघडा, सुटे द्या. गिऱ्हाइकांशी मात्र नेहमीसारखी हसत बोलत होती, आणि ते त्याला जास्त लागलं. संध्याकाळी तिने लेकीला फोन करून सांगितलं, की केमो लांबणीवर पडलाय. लेकीने कारण विचारलं. काकू म्हणाली, "तुझ्या बाबांनी त्या गाठीलाही डायबिटीस केला." मग तिला हसू आलं. हसता हसता ठसका लागला, आणि ठसक्यात रडूही मिसळलं. तो पाणी घेऊन आला तेव्हा तिने पेला त्याच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या हाताने प्यायली.

परवानगी मिळाली. पुन्हा ती गार निळी खोली, पुन्हा सुई, पुन्हा शाल. यंत्र चालवणाऱ्या मुलीला सगळं कळलेलं असावं, कारण या वेळी गोळ्यांची पुडी देताना तिने बेकरीवाल्याला ओलांडून काकूकडे हात केला. त्याचाही हात सवयीने पुढे गेला होता, तो त्याने खिशात घातला.

काकूने पुडीकडे पाहिलं. "त्यांच्याकडे द्या," ती म्हणाली. "माझे हात पिठात असतात."

मुलगी घुटमळली. काकू म्हणाली, "द्या हो. आता ते दुसऱ्यांदा नाही चुकणार. एक चूक ते एकदाच करतात." मग म्हणाली, "म्हणजे सॅकरिनची दोनदा केली. पण तिसऱ्यांदा नाही."

दुपारी ती गोळे वळत असताना त्याने पुडी सोडली. सापाला दूध आहे असं त्याला अजूनही वाटत होतं. पटणं वेगळं आणि भीती जाणं वेगळं, हे त्याला आता कळलं होतं. काकूने तोंड उघडलं. त्याने गोळी जिभेवर ठेवली. तिने ती लगेच गिळली नाही. तोंड मिटलं, गोळी जिभेवर इकडून तिकडे फिरवली, त्याच्याकडे बघत राहिली. मग पाण्यासाठी ओठ पुढे केले.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. काकू शांत झोपली होती. तिच्या खुब्यात काय चाललं असेल याचा विचार करत तो छताकडे बघत पडून राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला फेस येऊ दे असंही वाटत होतं आणि येऊ नये असंही.

निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी पडदा वळवला तेव्हा कुणी काही सांगायची गरजच पडली नाही. पहिल्या फोटोतला ठिपका होता तसाच होता. दुसऱ्यातला चांगलाच उजळला होता.

"ऐकतेय," डॉक्टर म्हणाल्या.

बेकरीवाला त्या ठिपक्याकडे बघत होता. त्या गाठीने त्याच्या बायकोच्या हाडात घर केलं होतं, आणि ती उजळली म्हणून त्याला आनंद झाला होता. असला आनंद कुठे ठेवायचा ते त्याला कळेना. त्याने काकूकडे पाहिलं. ती डोळे पुसत होती, आणि हसतही होती.

"एवढ्यावर सगळं संपलं असं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "औषध किती दिवस काम करेल, ते बघत राहावं लागेल. पण सुरुवात करायला हाच रस्ता बरा. केमो सध्या नको."

"केस राहतील?"

"राहतील."

"मग उद्या दुकान उघडते," काकू म्हणाली.

नव्या औषधात महिन्याच्या महिन्याला इंजेक्शन आहे आणि रोज सकाळी एक गोळी. खुब्याचं दुखणं थोडं कमी झालंय. काकू स्टुलावर बसून गोळे वळते, कधी विसरून उभीच राहते आणि मग त्याची बोलणी खाते. पावात सोयाचं पीठ परत आलंय, गिऱ्हाइकं खूश आहेत. बेकरीवाला अजूनही पेल्यात यीस्ट टाकून बघतो, पण साखर टाकण्याआधी बोटावर घेऊन चाखतो. एक कणच, शुगर आहे म्हणून.

सकाळी गोळीची वेळ झाली की काकू हात पिठातून न काढता तोंड उघडते. तो गोळी जिभेवर ठेवतो. पूर्वी ती तेवढ्यात गिळून मोकळी व्हायची. आता ती तोंड मिटते, चव घेते आणि त्याच्या डोळ्यांत बघते. रोज. तिने त्याला माफ केलंय, हे त्याला ठाऊक आहे, आणि ही चव ती मरेपर्यंत घेणार, हेही. तो पाण्याचा पेला धरून वाट बघत उभा राहतो.

"कडू आहे," ती म्हणते, आणि मग तो पेला तिच्या ओठांना लावतो.